फळ्यावरची नजर

मुरगूडमध्ये मला सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठीवरची फुलं, ट्रॉल्यांवरची नावं, हे सगळं एके काळी माझ्या हातचं. पुढं फ्लेक्स आले आणि माझे ब्रश डब्यातच वाळले. तेव्हा आमच्या तालमीच्या पोरांनी चौकातला फळा माझ्या ताब्यात दिला. आमच्याकडे तालमीबाहेर फळा असतोच. कोण वारलं, कुणाचा सत्कार आहे, पाणी कधी सुटणार, ते त्यावर खडूनं लिहायचं. मी खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखली आणि वर लिहिलं, 'आज गावात दिसलं'. संध्याकाळच्या फेरीत जे गमतीचं दिसेल ते तिथं दोन ओळींत लिहायचं.

पहिल्याच आठवड्यात चौकट चालली. दूध घालायला निघालेली माणसं किटली खाली ठेवून वाचायला लागली. नदीकडच्या भुईमुगात एक बुजगावणं होतं, अंगात रेनकोट आणि डोक्यावर चांगलं काचेचं हेल्मेट. मी लिहिलं, 'गावात हेल्मेट घालणारा एकच इसम आढळला. तो शेतात उभा असतो.' एकदा एसटी स्टँडच्या भोंग्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं, आणि चंदगडच्या गाडीचा कंडक्टर भोंग्याखाली उभा राहून तोंडानंच गाडी पुकारत होता. तेही लिहिलं. एक म्हैस रोज मालकाच्या मोपेडमागं पळत यायची. तो कधी वळून बघायचा नाही, आणि गतिरोधकाला मोपेड हळू झाली की म्हैसही हळू व्हायची.

सगळ्यात गाजला तो सिमेंटचा बैल. एकानं नव्या बंगल्याच्या गच्चीवर तो बसवला होता. गावाला वाटलं, हौस आहे. फळ्यावर मी लिहिलं, 'बैल देखणा आहे. तोंड रस्त्याकडे, शेपूट सख्ख्या भावाच्या दारावर.' दोन्ही भाऊ फळ्यासमोर येऊन वाचून गेले. महिन्याभरात बैलाचं तोंड फिरलं. भाऊ अजून बोलत नाहीत, पण बैल आता कुणाचा अपमान करत नाही.

हे सगळं लोक माझ्या नावावर धरतात. म्हणून आता लिहून ठेवतो, की यातलं एकही मला दिसलेलं नाही.

मला रस्त्यात फक्त अक्षरं दिसतात. जन्मभर तोच धंदा केला, त्यामुळं चालताना मी पाट्या वाचत जातो. कुठल्या दुकानाचा काना लहान पडला, कुठं रंग उडाला, तेवढंच. बाकीचं बघायची ती माझी बायको. आमच्या पिढीत नवराबायको जोडीनं चालत नाहीत. मी पुढं, ती चार पावलं मागं, हातात भाजीची पिशवी. लोक मला रामराम घालायचे आणि मी एकटाच फिरतोय असं धरून चालायचे. मागून हळू आवाज यायचा, "अवो, जरा गच्चीकडं बगा की." मी बघायचो. ती पुढं म्हणायची, "त्या बैलाचं शेपाट कुणीकडं हाय?" वाक्यसुद्धा बरीचशी तिचीच. मी ती सरळ ओळीत बसवायचो, एवढंच.

एकदा तालमीच्या अध्यक्षांनी भर चौकात मला अडवलं आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेंटर, नजर हाय का चेष्टा? घारीनं झक मारावी तुमच्याफुडं." ती मागंच उभी होती. मी नुसता हसलो. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. घरी जाऊन रोजच्यासारखा स्वयंपाक केला, मला गरम भाकरी वाढली, त्या विषयावर एक शब्द काढला नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. नंतर फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहिलो की ती पिशवी आठवायची.

यंदा तालमीच्या वर्धापनदिनाला त्या चौकटीसाठी माझा सत्कार ठरला. आदल्या संध्याकाळी मी चौकटीत बैल, म्हैस काही लिहिलं नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथं आजवर लिहिलेलं सगळं माझ्या बायकोनं पाहिलेलं आहे. माझं फक्त अक्षर.' अक्षर चांगलं आलं होतं. मागं सरकून मी ते दोनदा वाचलं.

अध्यक्ष धावत आले. म्हणाले, "पेंटर, मग फेटा कुणाला बांधायचा ओ?"

"तिला बांधा."

"आनी तुमास्नी?"

"मला एक खडूची पेटी द्या."

ती गिरणीवरून येताना फळा वाचूनच घरी आली. पिठाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, आधी जाऊन ते पुसा, लोक हसतील. मी म्हटलं, खरं आहे ते. खरं आहे हे तिला ठाऊक होतंच. गावाला सांगायची काय गरज होती, असं तिचं म्हणणं. मी पुसायला गेलो नाही. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कार्यक्रम किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर तिला फेटा बांधला. जयसिंगपूरहून आलेल्या पाहुण्यांनी नारळ दिला. मी खाली पोरांच्यात उभा होतो. फेटा तिला शोभला. पोरं म्हणतात म्हणून नाही, मी स्वतः बघत होतो. दोन शब्द बोला म्हणून अध्यक्षांनी माईक पुढं केला. मला वाटलं, ती नको म्हणेल. तिनं माईक घेतला आणि आधी सगळा मांडव नीट बघून घेतला.

"म्होरल्या खुर्च्या मोकळ्या पडल्यात," ती म्हणाली, "आनी बाया समद्या मागं भिताडाला टेकून हुब्या हायती. पेंटर, हे लिवा उद्या."

सगळ्या गावासमोर तिनं मला पेंटर म्हटलं. मागून एक बाई मोठ्यानं हसली आणि तीच पहिली पुढं आली. तिच्यामागं बाकीच्या आल्या. राखीव खुर्च्यांवरचे कागद अध्यक्षांनी स्वतः उचलले. माझ्या शेजारच्या पोरानं मला कोपरखळी मारली. मी छाती काढून उभा राहिलो.

बाया बसल्या. अध्यक्षांनी माईक परत घ्यायला हात पुढं केला.

"थांबा की जरा," ती म्हणाली, "आनी दुसरं म्हंजे..."