आता हूँ अंकल

आमच्या तेलीबागेच्या गल्लीत, निघून जाताना "आता हूँ" म्हणणारा माणूस एकच. म्हणून अख्खी गल्ली त्यांना 'आता हूँ अंकल' म्हणायची. काका साताऱ्याकडचे, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर होऊन लखनऊलाच राहिलेले. आपण मराठी माणसं घरातनं निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. काका त्याचं सरळ हिंदी करून मोकळे. शेजारच्या मिश्राइन भाभींकडनं उठताना, "अच्छा भाभीजी, आता हूँ." बिचाऱ्या भाभी चहाचं आधण ठेवून वाट बघत बसायच्या. कोपऱ्यावरचा भाजीवाला मेथीची जुडी बाजूला काढून ठेवायचा. गिऱ्हाईकाला सांगायचा, "ये नहीं मिलेगी, साहब बोल के गये हैं."

मी एकदा म्हटलं, "काका, 'चलता हूँ' म्हणा की."

"चालतोय ते दिसतंय की त्याला. परत येणार हे सांगायला नको?"

सुखी राहायचं काकांचं शास्त्र असलंच, फुकटातलं. चहाचा पहिला घोट मुक्यानं घ्यायचा. "दुसऱ्यापासनं भांडायला मोकळे." रोज कुणाचं तरी तोंडावर कौतुक करायचं, माणूस सापडला नाही तर भाजीचं. "क्या भैया, आज भिंडी बड़ी जवान लग रही है." भाजीवाला लाजायचा, जशी काही भेंडी त्याची मुलगीच.

आणि राग आला, की ज्याचा आला त्याचे जोडे पॉलिश करायचे. ब्रश फिरता फिरता राग उतरतो म्हणे. काकूंच्या चपला गल्लीत सगळ्यात चकचकीत होत्या. मिश्राइन भाभी कौतुकानं म्हणायच्या, "कितना प्यार करते हैं." काकू नुसत्या हसायच्या.

मी कराडच्या शाळेत शिकलेलो. तिथले सगळे मास्तर माझ्या गळ्यात वस्तीला होते, हुबेहूब नक्कल करायचो. बारावीनंतर बाबांची बदली इथल्या छावणीत झाली, आणि पहिल्याच महिन्यात मी काका उचलले. आधी बारीक खोकला, मग नाकातनं "बरं का गं, येतो." काकांनी दारामागनं ऐकलं. मला वाटलं, आता माझे बूट चमकणार. तर म्हणाले, "नकल्या, तू 'तो' तोडतोस. मी त्याची शेपटी ओढतो. परत कर." बरोबर येईस्तोवर करून घेतलं. आत काकू पोळ्या लाटत होत्या. न बघताच म्हणाल्या, "सावकाश या." काका इतके हसले की दम लागला.

तो दम पुढं खरा ठरला. एका जानेवारीत, धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं तेव्हा, काकांना स्ट्रेचरवरनं नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. दारात काकू उभ्या. काकांनी हात उचलला, मास्कच्या आत ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही. काका घरी परतले ते बोलण्यापलीकडे गेलेले.

तेरावं झाल्यावर पुण्याहून आलेला मुलगा काकूंना न्यायला निघाला. ट्रंका रिक्षात चढल्या. काकू खुर्चीतनं उठेनात. "आई, गाडी चुकेल," तो म्हणाला. मग रडकुंडीला आला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

काकू मला म्हणाल्या, "हे काही बोलून गेले नाहीत रे. मी दार कसं लावू?"

मी बाहेर रिक्षाकडे बघितलं.

"तू करतोस ना त्यांचं. कर की एकदा."

मी उंबऱ्यात त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो. खोकला काढायचा होता, तो आपोआप आला. "बरं का गं, येतो..." शेपटी ओढली. इतकी बरोबर कधीच जमली नव्हती.

मागनं, रोजच्यासारखं, "सावकाश या. मफलर घेतलात का?"

माझा हात गळ्याशी गेला.

काकू उठल्या, दार ओढलं, कुलूप लावलं. चपलांत पाय घातले. चपला धुळीनं माखल्या होत्या. काकूंवर रागावणारं कुणी उरलं नव्हतं.

भाजीवाला पुढं कितीतरी दिवस मेथीची जुडी बाजूला काढून ठेवायचा. काका गेल्याचं मी सांगितलं, तर म्हणाला, "मालूम है भैया. लेकिन बोल के गये थे."

काकांची नक्कल मी परत केली नाही. लोक फर्माईश करतात, मी टाळतो. आता लखनऊतच, जानकीपुरमला एकटाच खोली घेऊन राहतो. चहाचा पहिला घोट मुक्यानं घेतो. बूट पॉलिश करतो, बहुतेक स्वतःचेच. सकाळी निघताना रिकाम्या खोलीला "येतो" म्हणतो. मी माझ्या आवाजात म्हणायला जातो, पण आधी बारीक खोकला येतो आणि शेपटी आपली आपण ओढली जाते. मग आतनं काही येतंय का, म्हणून मी क्षणभर दार धरून थांबतो.

काही येत नाही. तरी हात गळ्याशी जातोच. मफलर मी कधी वापरत नाही.