पाय वाजला नाही

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी परभणीला आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. नोकरीसाठी पुण्याजवळ मारुंजीत खोली घेतल्यापासून ती भिंगरी दिवसभर लॅपटॉपसमोर अडकलेली असते, म्हणून सकाळी उठून शेजारच्या नांदे गावाच्या दिशेने पळते. पळून आले की डोकं जरा ताळ्यावर येतं, आणि तेवढ्यावर माझा दिवस निघतो. त्यामुळे डॉक्टरांनी डावा गुडघा दाबून पाहिला आणि महिन्याभरात दुखणं थांबलं नाही तर पळणं विसरा म्हणून सांगितलं, तेव्हा मी घाबरले. न पळता मी कशी वागेन, हे मला माहीत होतं.

माझी टाच आधी टेकते, पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन मी भाराभर व्हिडिओ पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी चवड्यांवर पळाले. ऑफिसात आम्ही जुनं सॉफ्टवेअर काढून नवं चढवतो ते रातोरात. पायही तसाच बदलेल असं मला खरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी पोटऱ्यांचे दगड झाले. जिना मी कठडा धरून उलटी उतरले.

खाली घरमालकीण काकू पाण्याच्या मोटारीपाशी उभ्या होत्या. त्यांच्याच शेताच्या तुकड्यावर ही इमारत उभी आहे. त्या तळमजल्याला, माझी खोली बरोबर त्यांच्या वर. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी गुडघ्याचं सांगितलं आणि चिडून बुटांना नावं ठेवली, रस्त्याला ठेवली, अंगावर येणाऱ्या टेम्पोंना ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं, हे तेव्हाही कळत होतं.

"त्यो डावा पाय ना," काकू म्हणाल्या. "पयल्या दिसापास्नं आपटतुया. फोनवर बोलत फिरतीस तवा तर माज्या डोक्यावर उखळ चालतंय."

कोण आलं, कोण भांडून आलं, कुणाची चप्पल नवी आहे, हे काकूंना छतातून कळतं. सकाळी पळून आल्यावर माझा पाय वाजला की त्या मोटार लावतात, म्हणजे मला आंघोळीला पाणी येतं. मी जगभरचे सल्ले शोधत होते आणि जाणकार बाई माझ्या फरशीखाली राहत होती. काखेत कळसा, गावाला वळसा.

पोटऱ्या सुटल्यावर आमचं ठरलं. संध्याकाळी मी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हळू पळायचं, आणि डावा पाय वाजला की काकूंनी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचं. पहिले काही दिवस दांडा थांबेचना. मला इतका राग यायचा की मी मुद्दाम जोरात पाय आपटायचे, मग माझीच मला लाज वाटायची.

एका संध्याकाळी काकू वर आल्या. हातात जुन्या चादरींचं गाठोडं होतं. ते त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं.

"एवढं कुटं जायाचंय तुला? पाय तुज्या म्होरं पळतुया. वैरणीचा भारा हाय असं समज. लांब टांग टाकलीस की पडला."

गाठोडं पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मग पावलं आपोआप आखूड झाली आणि अंगाखाली पडू लागली. अशी पावलं टाकताना मला आपण कुठेच पोचत नाही असं वाटायचं, जीव नुसता तडफडायचा. तरी रस्त्यावरही मी तशीच पळू लागले, डोक्यावर भारा आहे असं मनात धरून. छतावरचे ठोके कमी होत गेले. गुडघा मात्र बरा आहे की नाही, हे मला भीतीपोटी नीट समजतच नव्हतं.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. पळून आले, खोलीत गेले, नळ सोडला. पाणी नाही. ऑफिसची वेळ होत आलेली, घाम डोळ्यांत उतरत होता. मी गॅलरीतून वाकून काकूंना हाक मारली आणि मोटार का लावली नाही म्हणून जरा तिखटच विचारलं.

त्या घरातून अंगणात आल्या आणि वर बघू लागल्या.

"कवा आलीस गं? पाय वाजलाच न्हाई. मी म्हनलं, अजून पळतीया."

मी खांद्यावर टॉवेल टाकून तिथेच उभी राहिले. रडू आलं, आणि खालून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी गुडघा दाबला तेव्हा दुखलं नाही. आता रोज पळून आले की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी मुद्दाम एकदा पाय आपटते. उजवा.