अल्बमचं कोरं पहिलं पान

आमच्या घरी कुणी आलं की चहाच्या आधी मी अल्बम काढते. जाड काळ्या पानांचा, दोन हातांनी उचलावा लागणारा. आत गाणारे, वाजवणारे, सिनेमातले, तमाशातले, सगळे आपापल्या सहीसकट बसलेले. पाहुणा पहिलं पान उघडतो आणि थबकतो. फोटो अडकवायचे चार कोपरे चिकटवलेले आहेत, मध्ये फोटो नाही.

"पडला वाटतं कुठे?"

बस्स. या एका प्रश्नासाठीच मी त्याला बसवून घेतलेलं असतं.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी चांदवडकडच्या खेड्यातून नाशिकला आले. सासरच्या न्हाणीघरात, बंबाच्या वरच्या फळीवर, फोटो मोठे करायचं यंत्र होतं. आमचे हे कचेरीत कारकून, पण जीव सगळा त्या यंत्रात. शहरात मैफल असली की हे पुढे सरकून फोटो काढायचे, घरी पळत येऊन न्हाणीघरात धुवायचे, आणि कलाकार गाव सोडायच्या आत मी त्यावर सही आणायची. अनोळखी माणसाशी बोलताना यांना घाम फुटायचा आणि गप्प बसताना मला. जोडी देवानेच जमवली होती.

माझी स्वतःचीही एक कला होती. चकचकीत फोटोवर शाई ठरत नाही, ओघळते. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. पिशवीत खडूने माखलेलं डस्टर असायचंच. ते फोटोवरून हलकेच फिरवलं की शाई मुकाट्याने जागेवर बसायची. एका सिनेमातल्या गायिकेने ते पाहून विचारलं, "बाई, माझा चेहरा पुसताय की काय?"

एका शाहिराने तर मला कायमचं गप्प केलं होतं, म्हणजे निदान दोन मिनिटं. त्यांच्या गाण्याने अख्खं मैदान उभं राहिलं होतं. मी फोटो आणि पेन पुढे केलं. ते म्हणाले, "ताई, लिवाय कोन शिकलं? शाई लाव." आणि अंगठा पुढे केला. तो ठसा अल्बममध्ये आहे. त्यातल्या रेषा भिंगातून बघा, शेताच्या नांगरटीसारख्या दिसतात.

पण पहिलं पान मी सुरुवातीपासून राखून ठेवलं होतं, एका सारंगीवाल्या खाँसाहेबांसाठी. खरं म्हणजे माझ्या वडिलांसाठी.

आमचे अण्णा कांदा पिकवायचे आणि भजनात तुणतुणं वाजवायचे. कांदे साठवायच्या चाळीत आढ्याला रेडिओ टांगलेला. खाँसाहेबांची सारंगी लागली की अण्णांचे कांदे निवडणारे हात थांबायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं, सारंगीची तार बोटाने दाबत नाहीत, डाव्या हाताच्या नखांच्या मुळाने बाजूने रेटतात. अण्णांनी तुणतुण्यावर करून पाहिलं आणि नखातून रक्त काढलं.

"नखानं कुठं असं वाजतं व्हय?" ते म्हणायचे. "कुनीतरी आपली गंमत केली."

पुढे गुडघ्यांनी त्यांचं हिंडणंफिरणं बंद केलं. खाँसाहेब नाशिकला येणार, शाळेच्या सभागृहात सकाळची मैफल, ही बातमी घेऊन मी माहेरी गेले. अण्णा एवढंच म्हणाले, "सही नको मला. त्याचा हात दाव. एकदा बघू दे, मग मेलो तरी चालंल."

अडचण एकच होती. हे खाँसाहेब फोटोवर सही करत नसत. फोटो हातात घ्यायचे, बघायचे, "हा मी नव्हे" म्हणायचे आणि परत द्यायचे. मुंबईच्या मोठमोठ्या फोटोग्राफरांना त्यांनी असं परतवलं होतं. कोणी म्हणे गर्व, कोणी म्हणे वेड. मला अण्णांना हातही दाखवायचा होता आणि पहिलं पानही भरायचं होतं. मी हावरट आहे, लपवत नाही.

मैफलीचं काय सांगू? मी त्या सकाळी शाळेतल्याच एका लहान बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि उठेपर्यंत पाय असल्याचंच विसरले होते. माझ्या शेजारी डोळ्यांना कमी दिसणाऱ्या एक आजी होत्या. पदराने डोळे पुसत त्या मला विचारत होत्या, "गातंय कोण गं?" कोणीच गात नव्हतं, आजी. लाकूड, कातडं, तारा आणि उजव्या हातात त्यांवर फिरणारा गज. आणि तारांवर खरोखरच नखं! मी डोळ्यांनी पाहिलं. यांनी नेमका तो क्षण धरला.

घरी न्हाणीघराच्या झरोक्याला गोधडी ठोकली. दाराबाहेर सासूबाई पातळ-टॉवेल घेऊन उभ्या.

"अगं, दुपारचा एक वाजला! देव पारोसे बसलेत आणि तुमचा सारंगीवाला माझ्या घंगाळात पोहतोय!"

"आई, पाचच मिनिटं!"

"पाच मिनिटं, पाच मिनिटं! बाहेर निघा, नाहीतर मी आत येते!"

त्यांनी दाराला हात घातला आणि आत यांचा हात घाईला आला. निगेटिव्ह यंत्रात उलट्या बाजूने बसली. म्हणजे उजवं ते डावं आणि डावं ते उजवं. फोटो झकास उतरला. टिपकागदात दाबून वाळवला आणि टांग्यात बसलो.

गंगापूर रोडवरच्या यजमानांच्या फाटकाशी मी डस्टर काढलं, फोटो उन्हात धरला आणि ओरडले, "अहो! हे डावखुरे कधी झाले?"

यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा. "परत जाऊ. दुसरा काढतो."

"पाचची गाडी आहे त्यांची! चला आत. मी बघते."

मी काय बघणार होते, कपाळ! सारंगी उभी धरतात, त्यामुळे पटकन कळणार नाही अशी आशा होती. खाँसाहेब ओसरीवर बशीतून चहा पीत होते. मी नमस्कार केला आणि फोटो पुढे केला. माझा अंगठा नेमका त्यांच्या हातांवर.

यजमान कुजबुजले, "ताई, ते सही करत नाहीत हो. मी सांगितलं होतं."

"बेटी," खाँसाहेब म्हणाले, "अंगूठा हटाओ."

हटवला. ते बघत राहिले. बशीतला चहा निवला. फोटोत त्यांच्या गालावरचा तीळही बाजू बदलून बसला होता. त्यांनी बोट आपल्या खऱ्या तिळावर ठेवलं, मग फोटोतल्या.

"ये मैं हूँ," ते म्हणाले.

मग ते आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागले. लहानपणी वाजवताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. वडिलांनी समोर आरसा ठेवला. तेव्हापासून रोज पहाटे आरशासमोर रियाज. "पचास साल मी ह्याच आदमीला बघतो. ह्याचा गज डाव्या हातात. लोक फोटो आणतात, त्यात दुसराच कोणी असतो."

आणि पेन मागितलं. मी डस्टर फिरवलं, तेही इतक्या घाईने की खडूची पूड त्यांच्या अंगरख्यावर पडली. त्यांनी उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सावकाश सही केली. मग मी अण्णांची गोष्ट सांगितली. त्यांनी डावा हात पुढे केला. नखांच्या मुळाशी काळ्या, दगडासारख्या टणक खाचा होत्या. मला हात लावू दिला. देवळात लावतात तसा लावला.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "आगं, हा तर उलटा हाय."

सगळी हकिकत त्यांना सांगितली, पुराव्यासाठी नखांच्या खाचाही वर्णन करून सांगितल्या. अण्णा ऐकत होते आणि नजर खुंटीकडे. तिथे त्यांचा दाढीचा आरसा होता. तो त्यांनी काढायला लावला आणि फोटो त्याच्यासमोर धरला. तारांवरचा हात पुन्हा डावा झाला. त्याची नखं तारांना टेकलेली दिसली. सहीसुद्धा आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे निघाली.

"नखंच हायेत," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "नखंच हायेत गं."

निघताना मी फोटोसाठी हात पुढे केला. "अण्णा, माझं पहिलं पान..."

"पान तुझं, फोटू माझा."

तो फोटो त्यांनी आरशासमोरच्या भिंतीला लावला. रोज सकाळी गालाला साबण फासून ते आरशासमोर बसायचे. आरशात स्वतःचं तोंड आणि खांद्यावरून मागे खाँसाहेब, सुलटे. दाढीला तास लागायचा.