वॉरंटी जाईल म्हणून

आधीच हात जोडतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर पोटात घाला. शाळा नववीत सुटली आणि वेलांट्या तिकडंच राहिल्या. शब्दही मला साधेच येतात. पण जी फजिती झाली ती इतकी साधी होती, की तिला भारी शब्द लागणारच नाहीत. चहा गार होऊ देऊ नका. आणि हसायचं तर शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी गप्प होतो, माझा स्वभावच तसा आहे.

नांदूरघाटला माझ्या मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी तिथंच कामाला असतो. आता सगळे अर्ज ऑनलाइन झाले. कॉलेजचा प्रवेश असो, पीकविमा असो, लोक जीपमध्ये बसून केजला जायला लागले आणि आमच्या दुकानात फक्त आधार कार्डाच्या झेरॉक्सी उरल्या. मामा म्हणाला, कॉम्प्युटर घेऊ.

आणि मी! गिऱ्हाईकाला 'किती कॉप्या' विचारतानाही जमिनीकडं बघणारा मी म्हणालो, "मामा, मी निवडतो."

का म्हणालो? तर मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते. ढिगानं. कोणता प्रोसेसर, कोणती रॅम, कोणता पावर सप्लाय, सगळं पाठ. मला वाटलं, जगात आपल्याला एक तरी गोष्ट येते.

मामाला काही पटेना.

"तयार घे की बे. एक मशीन, एक वॉरंटी. काम खलास."

"मामा, सुट्टे पार्ट घेतले तर परत्येकाची येगळी वॉरंटी मिळती."

"म्हंजे बिघडलं की परत्येकाला येगळं हुडकत फिरायचं?"

मामाचं बरोबर होतं. पण मी लाजरा माणूस. लाजऱ्या माणसानं एकदा तोंड उघडलं की त्याला ते मिटता येत नाही. मी हट्ट धरला.

केजला मोठं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथं मामा आणि मी गेलो. काउंटरवर मालकाची मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणतात. विक्री तीच बघते, दुरुस्तीही तीच करते. मी पार्टांची नावं एका दमात सांगितली, काउंटरकडं बघून. मॅडमनी सगळे डबे समोर ठेवले आणि विचारलं, "बसवून देऊ का दादा? अर्ध्या तासाचं काम आहे."

बघा, इथं माणसानं 'हो' म्हणायचं असतं. पण मामा माझ्याकडं बघत होता.

"मी बसवतो," मी म्हणालो.

मॅडमनी मान हलवली. "बसवा. फक्त डबे जपून ठेवा, बिल जपून ठेवा. आणि पार्टवरचं सील असतं ना, ते काढू नका. ते फाटलं की वॉरंटी गेली."

घाबरट माणसाला एक सूचना दिली की तो तिच्या पाच करतो. सील काढायचं नाही म्हणजे स्टिकर काढायचं नाही. स्टिकर काढायचं नाही म्हणजे चिकटवलेलं काहीच काढायचं नाही. आणि तसंही आपल्याकडं नव्या वस्तूचं प्लास्टिक काढतं कोण? पाहुण्यांच्या घरी सोफ्यावर बसलो की उन्हाळ्यात पँट चिकटते, उठताना चर्र आवाज होतो, पण प्लास्टिक तसंच. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, मोटारसायकलच्या टाकीला प्लास्टिक. प्लास्टिक निघालं म्हणजे वस्तू जुनी झाली! मी तर सगळं जसंच्या तसं ठेवून मशीन जोडलं. मामीनं वरून कॅबिनेटला, म्हणजे पार्ट बसवलेल्या पेटीला, झालर लावलेलं कव्हर शिवून दिलं. मशीन दिसायला अगदी नवरदेव.

पहिल्या दिवशी पूजा झाली. मामानं कॅबिनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि समोरच नारळ फोडला. नारळाच्या पाण्याचे शिंतोडे उडाले आणि सरळ कॅबिनेटच्या जाळीत गेले. कुणी बघितलं नाही. मी बघितलं. मी एकट्यानं!

व्हिडिओत सांगितलं होतं, आत पाणी गेलं तर वॉरंटी मिळत नाही. आता हे मामाला सांगणार कसं? देवाच्या नारळानं बिघाड झाला म्हणू? मी प्रसाद खाल्ला आणि मशीनचं बटण दाबलं.

मशीन चालू झालं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, ते चाललं. मामा खूश. पहिलं गिऱ्हाईक म्हणून गल्लीतली प्रतीक्षा आली, नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन. नाव भरलं, गाव भरलं, गुण भरले आणि फोटो चढवायला गेलो, तर स्क्रीन काळी!

"लाइट गेली का?" प्रतीक्षा म्हणाली.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

परत चालू केलं. परत नाव, परत गाव. परत फोटो. परत काळी. तिसऱ्यांदा तर गावसुद्धा पुरं झालं नाही. ती बिचारी म्हणाली, "दादा, मी केजला जाऊन भरू का? शेवटची तारीख जवळ आलीय." आणि गेली. मामानं तिला जाताना बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. काही बोलला नाही. मामा बोलला नाही की समजायचं, बोलायचं साठवतोय.

माझा एकच दोस्त, सलीम. समोर मोबाइल रिपेरिंग करतो. त्याला बोलावलं.

"व्हायरस हाय बे," त्यानं लांबूनच निदान केलं.

"नव्या मशीनमधी?"

"नव्यातच शिरतो त्यो. जुन्यात काय ठेवलंय?"

मग अँटीव्हायरस टाकलं. ते सगळं मशीन तपासायला लागलं आणि मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडायला लागलं. सलीम म्हणाला, "बघ, व्हायरस घाबरला." मला तेही पटलं. सांगा, माझी काय अवस्था असेल!

मग वॉरंटीचे नंबर लावले. रॅमच्या कंपनीवाले म्हणाले, रॅमनं असं होत नाही, मदरबोर्ड बघा. मदरबोर्डवाले म्हणाले, पावर सप्लाय बघा. पावर सप्लायवाल्यांनी विचारलं, "सर, तुमच्या गावात व्होल्टेज कसं आहे?" आता नांदूरघाटच्या व्होल्टेजबद्दल मी परक्या माणसाला काय सांगू? मी म्हणालो, "येतं-जातं." ते म्हणाले, "मग तेच कारण." आणि फोन ठेवला. मामा म्हणाला होता तेच झालं, परत्येकाला येगळं हुडकत फिरायचं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. मला पक्कं माहीत होतं की आत नारळाचं पाणी आहे.

शेवटी मामानं साठवलेलं बाहेर काढलं.

"शिवा, तुझा चुलतभाऊ पुण्याच्या कंपनीत हाय ना? तिथं हेल्पर पाहिजेत म्हणत होता. ह्ये मशीन ह्या आठवड्यात धड झालं तर तू हितं. न्हाई तर तू तिथं. मला डोक्याला ताप नको."

पुणे! मला केजच्या स्टँडवर रस्ता विचारायची लाज वाटते आणि मी पुण्याला जाऊ?

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण दुकानात नागनाथ अण्णा बसले होते. अण्णांचं किराणा दुकान आहे, पण खरी आवड भांडणाची. स्वतःचं नसलं तरी चालतं.

"पोराला कावून बोलतो विश्वनाथ?" अण्णा मामाकडं बघत उठले. "फसवलंय त्यांनी तुमाला! खराब माल गळ्यात मारलाय. वॉरंटी हाय ना? मग देत कावून न्हाईत? चला केजला. ग्राहक मंच दाखवतो त्यांना!"

मी म्हणालो, "अण्णा, मी एकटाच जाऊन येतो."

"तू? तू तिथं जाऊन जमिनीला वॉरंटी मागशील!"

निघालो. जीपमध्ये मांडीवर कॅबिनेट, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला अण्णा. अण्णा अख्ख्या जीपला सांगत होते, कशी फसवणूक झाली आणि आता कशी जिरवणार. जीपवाला म्हणाला, "सोडू नका अण्णा!" एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "आत काय हाय रं बाळा?" माझ्या तोंडून 'पाणी' जाणार होतं. जीभ चावून 'मशीन' म्हणालो. निघण्याआधी मी विभूती पुसली होती, जाळीवर मामीचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला होता, आणि मनात एकच वाक्य घोकत होतो: आत पाणी गेलेलं नाही, आत पाणी गेलेलं नाही.

दुकानात पोचलो. मॅडमनी विचारलं, "काय झालं दादा?"

आणि मी म्हणालो, "मॅडम, आमी नारळ फोडलाच न्हाई!"

मामा माझ्याकडं बघायला लागला.

"कसला नारळ?" मॅडम म्हणाल्या.

"कसलाच न्हाई," मी म्हणालो.

अण्णांनी मला मागं ओढलं आणि काउंटरवर हात आपटला. "त्यो पोरगा घाबरलाय. माझ्याशी बोला. वस्तू इकताना गोड बोलायचं आन् वॉरंटी मागितली की येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं? ग्राहकाला हक्क असतो म्याडम! मंचात खेचीन. पेपरला देईन. गावातलं एक बी गिऱ्हाईक हितं येऊ देणार न्हाई!"

मॅडम ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी झालरीचं कव्हर उचललं, घडी घालून बाजूला ठेवलं. मग कॅबिनेटच्या काचेवरचं प्लास्टिक काढलं. मग बाजू उघडली. मी डोळे मिटले. आता पाणी दिसणार!

"तुमचं मशीन किती वेळ चालतं?" मॅडमनी विचारलं.

"जरा वेळ," मी म्हणालो.

"हूं."

आता तुम्हाला माहीत असेल-नसेल म्हणून सांगतो. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते लई तापतं, आणि जास्त तापलं की मशीन आपोआप बंद पडतं. म्हणून त्याच्या उरावर पंखा असलेला कूलर घट्ट बसवतात, मधे पातळ पेस्टशिवाय काही न ठेवता. म्हणजे गरमी वर निघून जाते. मॅडमनी कूलरचे स्क्रू सोडले, तो उलटा केला आणि हातात चिमटा घेतला. अण्णा अजून बोलतच होते, "...कारण ग्राहक हा राजा—"

चिमट्याला एक पातळ, पारदर्शक प्लास्टिक लटकत होतं. गरमीनं आकसलेलं, कडा करपलेल्या.

अण्णा थांबले.

"ह्ये काय हाय?" मामा म्हणाला.

"कूलरच्या बुडाला असतं. ते काढायचं असतं, मग बसवायचं."

"कुणी काढायचं असतं?"

"ज्यानं बसवलं त्यानं."

मामा, अण्णा, मॅडम, आणि मागं रांगेत उभे असलेले लोक. सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं बघितलं. फरशी चांगली होती.

"कावून ठेवलं रं?" मामानं हळू विचारलं.

"वॉरंटी जाईल म्हणून," मी म्हणालो.

अण्णा मात्र अण्णा! त्यांनी दम घेतला आणि म्हणाले, "पण काढायचं असतं, ह्ये आमच्या माणसाला सांगायची जबाबदारी कुणाची?"

मामानं त्यांना बाहेर नेलं.

आत पाण्याचा थेंबही नव्हता. मॅडमनी कूलरला पेस्ट लावली, परत बसवला, मशीन चालू केलं. चालतच राहिलं. आम्ही बाहेर चहा पिऊन आलो तरी चालूच. मी धीर करून विचारलं, "मॅडम, वॉरंटी?"

"आहे की. सगळ्या पार्टांची आहे." मग हसू दाबत म्हणाल्या, "फक्त बसवणाऱ्याची नाही."

परतीच्या जीपमध्ये मामानं कॅबिनेट स्वतःच्या मांडीवर घेतलं. उतरताना म्हणाला, "सकाळी ये. पुण्याचं सकाळी बघू."

सकाळी मी लवकर गेलो. कपड्यांची पिशवीही भरून नेली होती, खरं सांगतो. तर दुकानासमोर माणसं! मला वाटलं मला बघायला आलेत. बघतो तर एकाच्या काखेत मिक्सर, एकाच्या हातात इस्त्री, एकाकडं दाढीचं मशीन. अण्णांनी संध्याकाळीच गावभर केलं होतं, विश्वनाथचा भाचा केजला गेला आणि कंपनीचं तोंड बंद करून वॉरंटी वसूल करून आला, एक पैसा न देता!

मी म्हणालो, "ऐका. तसं काही न्हाई झालं. चूक माझीच होती. मी प्लास्टिक काढलंच नव्हतं."

"लई साधं पोरगं हाय," मिक्सरवाली सगुणाबाई सगळ्यांना म्हणाली आणि मिक्सर माझ्या हातात दिला. "मोठेपणा न्हाई बघा जरा बी."

मामा ओट्यावर उभा राहून गर्दी मोजल्यासारखी बघत होता. लोक वाट बघता बघता झेरॉक्सही काढायला लागले. मामा खाली आला, माझी पिशवी उचलली आणि आत खिळ्याला अडकवली.

"काय बघतो? जा की केजला ह्यांच्यासंगं. आन् लवकर ये, दुपारी प्रतीक्षाला बोलावलंय स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला."

मग पहिल्या जीपनं मी केजला गेलो. मांडीवर मिक्सर, पायात इस्त्री, खिशात दाढीचं मशीन, शेजारी सगुणाबाई. दुकानात शिरलो. मॅडमनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, सामानाकडं बघितलं आणि चिमटा हातात घेतला.

"आज काय काढायचं राहिलं दादा?"

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून बोललो.

"काही राहिलं नसंल मॅडम. ह्याला अजून मी हात लावला न्हाई."