वरचीचं काही खरं नाही

वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत त्याला सगळे ‘वेधशाळा’ म्हणत. खऱ्या वेधशाळेने पाऊस सांगितला की लोक छत्री घरी ठेवून निघतात. या वेधशाळेचं उलट होतं. याने एखाद्याचं नाव घेतलं की पहिल्या पानावर जागा राखून ठेवलेली बरी, असा त्याचा लौकिक. कुठला म्हातारा नट, कुठला आजारी पुढारी, कुठला थकलेला खेळाडू आता थोड्या दिवसांचा सोबती आहे, हे आधी हेरायचं आणि त्याचा मृत्युलेख लिहून तयार ठेवायचा, हे त्याचं काम. माणूस गेला की वेळ आणि ठिकाण घालायचं, मजकूर छपाईला मोकळा. सकाळी वाचक म्हणत, “एवढ्यात काय सुंदर लिहिलंय हो!” तो एवढ्यातला लेख कपाटात दोन-दोन वर्षं मुरलेला असे.

वैद्यकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो फोटो बघायचा. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली का? नाडीचे बूट जाऊन सरकवायचे बूट आले का? आयुष्यभर उभं राहून फोटो काढून घेणारा माणूस मधल्या खुर्चीत कधी बसायला लागला? मुलाखतीत जुन्या वैऱ्यांचं अचानक कौतुक सुरू झालं, की हा पेन्सिलीला टोक करायला घेई. जीवनगौरव पुरस्कार देणाऱ्या मंडळींना मात्र तो मानत असे. “त्यांना माझ्याही आधी वास लागतो,” म्हणे.

लेखासाठी माणसाला एकदा भेटावं लागे. आता तुम्ही जाणार म्हणून आलो, असं कोणाच्या तोंडावर कसं म्हणणार? म्हणून कचेरीने एक शिष्टाचार पाडला होता. ‘वाढदिवसानिमित्त मुलाखत’ असं सांगून जायचं. पुढे पुढे ते सगळ्या कलावंतांना ठाऊक झालं. लांब दांड्याची छत्री घेतलेला तो उंच, किडकिडीत माणूस दारात उभा राहिला की घरची माणसं एकमेकांकडे बघत. एका म्हाताऱ्या विनोदी नटाने तर त्याला जिन्यावरूनच पिटाळलं होतं. “माझा वाढदिवस होऊन गेला! पुढच्याला या!” असं तो ओरडला होता. पुढच्याला जायची वेळ आली नाही, ते सोडा.

अशा या वेधशाळेच्या कपाटात एकाच मोठ्या माणसाचा लेख नव्हता. ती एक गायिका होती. सगळा देश तिला ओळखत होता. संपादक दरवर्षी विचारत, “बाईंचं लिहिलंत का?” आणि हा दरवर्षी म्हणे, “त्यांना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत.” देशासाठी ती बाई असेल, त्याच्यासाठी ती ‘वरची’ होती.

तरुणपणी तो आईबरोबर एका जुन्या इमारतीत राही आणि त्याच्या डोक्यावरच्या खोलीत ती तिच्या मावशीकडे राहायची. पहाटे उठून गळा साफ करायची. हा तेव्हा छापखान्यात रात्रपाळीला मुद्रितं तपासायचा, डोळे चुरचुरत असायचे, झोप हवी असायची. एकदा वैतागून त्याने झाडूच्या दांड्याने छताला दोन ठोके दिले. गाणं थांबलं, आणि वरून टाचेचे दोन ठोके आले. दुसऱ्या दिवशी तिने गायला उशीर केला तर याला चैन पडेना. त्याने पुन्हा दोन ठोके दिले, पण आता त्याचा अर्थ ‘गा’ असा होता. पुढे सगळं बोलणं असंच व्हायला लागलं. जिन्यात भेटली की ती म्हणायची, “काय रे खालच्या, झोपलास का नाही?” तोही मग तिला वरची म्हणायला लागला. संध्याकाळी दोघं पुलापर्यंत फिरून येत. घरच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं, म्हणजे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं.

मग तिला लांबच्या मोठ्या शहरातून बोलावणं आलं. जिन्यातच तिने सरळ विचारलं, “येतोस?”

आई अंथरुणाला खिळलेली होती. काही महिन्यांचाच प्रश्न आहे, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते यालाही पटलं होतं. तो म्हणाला, “बघू. आईचं काय ते होऊ दे.”

वरची गेली. आणि आई उठून बसली! नुसती उठली नाही, पुढे कित्येक वर्षं खणखणीत जगली, भांडली, शेजारणींची लग्नं जुळवून दिली. याला त्याचा आनंद होता, खरा आनंद होता, आणि त्याच आनंदाची त्याला लाजही वाटे. आयुष्यात त्याचा एकच अंदाज चुकला, तो हा. वरचीची पत्रं आधी वरचेवर आली, मग कमी झाली, मग तिचा आवाज रेडिओवर यायला लागला. तिने लग्न केलं नाही. यानेही केलं नाही. पुढे ती याच शहरात घर घेऊन परतली, तोवर तिच्या दाराशी गाड्या उभ्या राहत होत्या आणि याच्या केसांत पांढरं आलं होतं. आता कुठल्या तोंडाने जायचं, असं म्हणत म्हणत त्याने जाणं टाळलं.

शिवाय त्याच्या मनाने एक घेतलं होतं. आपण ज्याच्या दारात जातो तो फार टिकत नाही. मग आपण गेलोच नाही, तर तिला काही व्हायचं नाही.

गंमत अशी, की वर्षाकाठी एखादा फोन त्याच्या टेबलावर येई. कुणीतरी बाई घाईघाईने सांगे, “गायिकाबाईंचं काही खरं नाही हो. माणूस पाठवा.” नाव विचारलं की फोन बंद. मग तो तिचे ताजे फोटो मागवून, भिंग लावून बघत बसायचा. पाठ ताठ, ओठ रंगवलेले, केसांत एक बट मुद्दाम सोडलेली. “अफवा,” तो संपादकांना सांगे. “ठणठणीत आहेत.” आणि तो फोटो मात्र परत द्यायला विसरे. घरी जाऊन तो पुन्हा बघे, तेव्हा भिंग लागत नसे. एवढ्या जवळ राहते आणि आपण तिला छापील कागदावर बघतो, याचं त्याला फार वाईट वाटे.

यंदा फोन आला नाही. एका समारंभाचा फोटो तेवढा आला. तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. त्याने भिंग खाली ठेवलं. संपादकांनी मागून विचारलं, “आता तरी जाताय ना?” आणि त्याने छत्री उचलली.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडणाऱ्या बाईने “कोण पाहिजे?” म्हणून विचारलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. हा आवाज त्याने ओळखला.

“तुम्हीच फोन करायच्या?”

“मी कशाला करतेय? बाई सांगायच्या, मी करायची. त्या शेजारी कान लावून बसायच्या,” ती सोबतीण म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली.

वरची खिडकीपाशी, उशांना टेकून बसली होती. फोटोतल्यापेक्षा खूप लहान झाली होती.

“आलास का रे खालच्या? तुझ्यासाठी किती वेळा मरायला घेतलं मी!”

छत्री कुठे ठेवायची ते त्याला सुचेना.

“मी फोटो बघायचो,” शेवटी तो म्हणाला. “ठणठणीत दिसायचीस. मला वाटायचं अफवा आहे.”

“दिसणारच. तू बघशील म्हणून नटून जायची.”

“सरळ बोलवायचंस ना मग.”

“सरळ? एकदा विचारलं होतं की सरळ. ‘बघू’ म्हणालास.”

सोबतीण उगाच काहीतरी आणायला आत गेली. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. त्याला पहिल्यांदाच वाटलं, आपला तिच्याबद्दलचा एखादा अंदाज चुकला असता तर किती बरं झालं असतं. एखाद्या तरी फोटोला फसून आपण धावत यायला हवं होतं.

“आणि यंदा फोन का नाही केलास?” त्याने विचारलं.

“यंदा खरंच आहे ना रे. आता आलास तर कामासाठी आलास असंच झालं असतं.” ती थांबली. “कामासाठीच आलायस?”

“संपादकांनी पाठवलंय. पण आलोय मी.”

ती हसली. मग म्हणाली, “सगळ्यांचं सांगतोस, माझं सांग. किती राहिलंय?”

त्याला ते तिचे हात बघताक्षणी कळलं होतं. ओठांवर ‘बघू’ आलं होतं, ते त्याने गिळलं.

“उद्या येतो,” तो म्हणाला.

कचेरीत संपादक वाट बघत होते. “काय अंदाज?”

“इतक्यात काही नाही,” वेधशाळेने सांगितलं. “पण मुलाखत लांबेल. मला रोज दुपारी जावं लागेल.”

तो रोज दुपारी गेला. जिना चढताना छत्रीचं टोक पायरीवर दोनदा आपटायचा आणि वरून पेल्यावर चमच्याचे दोन ठोके यायचे. मुलाखत कसली, दोघं जुन्या इमारतीतल्या शेजाऱ्यांची टिंगल करत. कधी ती गुणगुणे, दम लागला की थांबे आणि तो पुढची ओळ बेसूर म्हणून दाखवी. “तू आपलं लिहीतच जा,” ती म्हणायची. तो काहीच लिहीत नव्हता.

एका दुपारी त्याने छत्री दोनदा आपटली आणि वरून काही आलं नाही. त्याने पुन्हा आपटली. मग उरलेल्या पायऱ्या तो हळूहळू चढला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तिचं पानभर आलं. याच्या कचेरीत मात्र तयार काहीच नव्हतं, इकडून तिकडून गोळा करून दोन रकाने भरले होते. संपादकांचा पारा चढलेला. “तुमचा अंदाज चुकतो कसा?” म्हणून ते गरजले. याने ऐकून घेतलं. मग आपल्या टेबलावर बसून त्याने ते दोन रकाने सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन वाचले. अशा मजकुराची शेवटची ओळ नेहमी घरच्यांची असते. ती अशी होती : ‘त्यांच्या पश्चात कुणी नाही.’

तो उठला आणि दुरुस्त्या घेणाऱ्या उपसंपादक बाईच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

“उद्याच्या अंकात एक दुरुस्ती घाला,” तो म्हणाला.

“कशाची काका? वय चुकलंय का?”

“वय बरोबर आहे. शेवटची ओळ चुकलीय.” त्याने अंक तिच्यापुढे ठेवला. “मी आहे.”