तेल प्यायलेले ब्रेक

माझ्या नवऱ्याला पन्नाशीत जीपचं वेड लागलं. बँकेत मॅनेजर असलेला माणूस, टायर पंक्चर झालं की फोन काढून रस्त्याच्या कडेला उभा राहणारा. त्यानं आपल्याच वयाची एक फोर-व्हील ड्राइव्ह जीप आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी केली आणि सुरतेतल्या अशाच सात-आठ शौकिनांच्या कंपूत जाऊन बसला. कुणाची साड्यांची मिल, कुणाचं हिऱ्यांचं ऑफिस. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, पायांत लष्करी बूट, आणि जीपखाली वाकून पाहिलेला त्यांच्यात एक नाही.

दर रविवारी हे वीर हजीऱ्याकडच्या किनाऱ्यावर जायचे. भरतीच्या पाण्यात जीप घालायची, चिखल उडवायचा, एकमेकांचे व्हिडिओ काढायचे, परत येताना डाळीचा वाफाळता सुरती लोचो हाणायचा. खारं पाणी आणि रेती चाकांच्या आत किती गेली, याची विचारपूस कुणी करत नसे. महिनाभरात आमच्या जीपचे ब्रेक किंचाळायला लागले. नवऱ्याला कशाची काळजी, तर चौकात लोक वळून बघतात याची.

कंपूनं इलाज सांगितला. दसरा जवळ आला होता. आपल्याकडे गाडी धुतली की खालून डिझेल आणि जळकं ऑइल फवारून घ्यायची रीतच आहे. गंज लागत नाही आणि पूजेच्या दिवशी गाडीचं पोटसुद्धा चकाकतं. नवऱ्यानं फवाऱ्यावाल्याला चाकांच्या मागूनही चांगलं भरपूर मारायला लावलं. घरी आला तो विजयी चेहऱ्यानं.

"बघ, आवाज गेला!"

आवाज जाणारच. ब्रेकच्या ड्रममध्ये दोन शू असतात, त्यांवर लायनर असतं, ते ड्रमला घासून चाक धरतं. लायनर तेल प्यायलं की ओरडत नाही आणि धरतही नाही. हे मी सांगितलं तर म्हणाला, "तू उगाच शंका काढतेस."

दसऱ्याला हार घातला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. नवरा ऐटीत बसला आणि जीप पुढे घेतली. लिंबं चिरडली, टाळ्या पडल्या, त्यानं ब्रेक दाबला आणि जीप संथपणे चालत जाऊन वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीवर चढली. वॉचमन प्रसाद घ्यायला उठला होता म्हणून बरं. सगळे हसले. मिलवाले शेठ म्हणाले, फवारलेलं तेल मुरायला वेळ लागतो.

आणि त्याच हसण्यात ठरलं की येत्या रविवारी सापुतारा. घाट उतरताना जीप आमची मुलगी चालवणार. कॉलेजातून सुट्टीला आलेली, तिला कोण हौस! मी सगळ्यांसमोर म्हटलं, आधी चारी चाकं उघडा.

शेठ प्रेमानं म्हणाले, "भाभी, आ तमारुं काम नथी. तमे चा पिवडावो नी."

मी चहा केला. साखर जरा कमीच घातली.

दुसऱ्या दिवशी नवरा बँकेत गेल्यावर मी पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरली. एक दांडगा पाना आणि नवे ऑइल सील, लायनर बसवलेले शू मी सकाळीच बाजारातून आणले होते. मुलगी मदतीला. जॅक लावला, चाक काढलं, हबचे बोल्ट सोडून ॲक्सल ओढला, मधला मोठा नट काढून ड्रमसकट हब बाहेर घेतलं. आत काय वर्णावं! बेअरिंगमधलं ग्रीस खाऱ्या पाण्यानं कढीसारखं पांढरं झालेलं, सील फाटलेलं, लायनर तेलानं चिंब. या डबड्यात बसून माझी मुलगी घाट उतरणार होती. मला त्या टोपीवाल्यांची इतकी किळस आली की हातातला पाना मी फरशीवर आपटला.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहिले, दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत. मोठा नट आवळला, चाक जड फिरायला लागल्यावर थोडा मागे घेतला. तो किती मागे घ्यायचा हे कुठं लिहिलेलं नसतं. "हातले समजस माय, डोयाले नही," असं माझे वडील सांगायचे. धुळ्याच्या बस डेपोत ते मेकॅनिक होते. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते बसखालच्या खड्ड्यात काम करत असताना काठावर बसून बघायची.

शेवटी मुलीनं ब्रेकचा पेडल दाबायचा आणि मी नळीतली हवा काढायची, असं चाललं होतं. तिनं विचारलं, "आई, तुला हे कुणी शिकवलं?"

"तुझ्या आजोबांनी."

"पण आजोबा इंजिनिअर होते ना? ते स्वतः करायचे?"

लग्न ठरताना सासरी ते मीच सांगितलं होतं. बँकवाल्यांचं घर, मेकॅनिकची मुलगी म्हटल्यावर चेहरे कसे झाले असते ते मला दिसत होतं.

"पेडल दाब," मी म्हटलं.

चारी चाकांना दोन दिवस लागले. नवऱ्यानं माझी काळी नखं पाहिली आणि "लोक काय म्हणतील" एवढंच बोलला.

रविवारी सापुताऱ्याचा घाट उतरताना मी मागे बसले होते. डोंगर कुणी पाहिले? मी मुलीचा पाय बघत होते. एका वळणावर समोरून बस अंगावर आली. तिनं ब्रेक दाबला. जीप ना डावीकडे ओढली गेली ना उजवीकडे, होती तिथं सरळ थांबली. बस गेली. मुलीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला रडू येत होतं आणि आवरत नव्हतं.

घाटाखाली चहाच्या टपरीवर तिनं साऱ्या कंपूला सांगून टाकलं, ब्रेक आईनं केले. शेठ कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"भाभी, क्यां शीख्या तमे?"

माझ्याऐवजी नवराच बोलला. छाती फुगवून.

"तिचे वडील इंजिनिअर होते. रक्तातच आहे ते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी माझ्याकडे बघत थांबली. या टोपीवाल्यांपुढे खरं बोलायला मला काय भीती होती? ज्यांना मी महिनाभर मनातल्या मनात शेलक्या शिव्या घालत होते, त्यांच्यापुढे? तरी नखं दिसू नयेत म्हणून मी मुठी मिटल्या आणि पदराखाली घेतल्या.

माझ्या लग्नात वडील दिवसभर असेच मुठी मिटून उभे होते. आदल्या दिवशी मीच त्यांना तसं सांगितलं होतं.