कासारवाडीच्या विहिरीचं पाणी

या सदरात येणारे अनुभव मी वाचते आणि बऱ्याचदा मनात म्हणते — पित्त झालं असेल, डोळा लागला असेल, नाहीतर सरळ थाप असेल. माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही. वडील हैदराबादला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या घरात दृष्ट काढायला कधी मीठमोहऱ्या उचलल्या गेल्या नाहीत. कुणी अंगारा आणून दिला तर वडील चिमटीत घेऊन बघायचे आणि सांगायचे, "राख आहे, जखमेला लावू नका." तेव्हा पुढे लिहिते आहे ते कुणाला पटवण्यासाठी नाही... मला स्वतःलाच ते पटलेलं नाही. पण ते घडलं, आणि लख्ख उजेडात, दोघीतिघींच्या देखत घडलं.

सत्तावन्न सालच्या आसपासची गोष्ट. हैदराबाद नुकतंच नव्या आंध्र प्रदेशात गेलं होतं आणि आमच्यासारख्या मराठी कुटुंबांची पांगापांग सुरू झाली होती. आमचे हे आणि वसंतराव एकाच वर्कशॉपमध्ये फिटर. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथे दोघांनाही काम मिळालं. वसंतरावांची बायको कुमुद ही माझी मैत्रीण. एकाच गल्लीत दोघी नव्या सुना म्हणून आलो होतो. सासूची गाऱ्हाणी एकमेकींना सांगत संसाराला लागलो. तिची मंगल चार वर्षांची, माझी शोभा तीन.

घर सोडून परक्या राज्यात जायला आम्ही दोघी एकाच अटीवर तयार झालो — राहायचं तर शेजारी शेजारी. मधे फक्त एक भिंत. तिथे आम्हाला दुसरं होतंच कोण? भाषा मराठीच म्हणा, पण आम्ही तोंड उघडलं की समोरचा हसायचा. "फुरसतीनं द्या" म्हटलं तर पुण्याचा भाजीवाला विचारायचा, "बाई, कुठल्या तुम्ही?" कुमुद त्याला ठसक्यात सांगायची, "मराठीच आहोत, खामखा हसू नका!"

पुण्यात ह्यांच्या चुलतभावाकडे आम्ही दोन्ही कुटुंबं उतरलो होतो. एवढ्याशा जागेत इतकी माणसं! चुलतजाऊबाई तोंडाने काही बोलत नव्हत्या, भांडी मात्र जरा जोरात आपटायच्या. त्यामुळे घर लवकर बघणं भाग होतं. एसटीने पिंपरीकडे यायचं आणि गावं पालथी घालायची असा उद्योग सुरू झाला. पुनावळ्याला एक घर बघितलं, छान होतं, पण पुरुषांना रोज तिथून येणंजाणं झेपलं नसतं. दिघीला कुणीतरी जागा सांगितली, ती आम्ही पोचेपर्यंत गेली. आणि मग कासारवाडीला कोंडाबाईंच्या खोल्या मिळाल्या.

पुण्या-मुंबईच्या रस्त्यापासून थोडं आत शेतकऱ्याचं घर, आणि त्याच्या मागे नव्याने बांधलेल्या खोल्यांची ओळ. त्यातल्या शेवटच्या दोन रिकाम्या, मधे एकच भिंत. कौलं नवी, मागे कडुनिंबाची सावली, पुरुषांना सायकलने कारखाना जवळ. कुमुदने तर कुठली खुंटी कुणाची हेसुद्धा ठरवून टाकलं. मंगल आणि शोभा एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर पळत सुटल्या होत्या.

माझं एकच बघायचं राहिलं होतं — पाणी.

आईची शिकवण होती, घर बघायला जाताना पदराला मूठभर तुरीची डाळ बांधून न्यायची. भिंती आणि छप्पर पुरुष बघतील, पाणी आपण बघायचं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या घरात बाईचा जन्म चुलीपुढे जातो. यात अंधश्रद्धा काही नाही बरं का! पाण्यात क्षार जास्त असले की डाळ टणक राहते, हे मला वडिलांनीच समजावून सांगितलं होतं.

मालकीण कोंडाबाई साठीच्या, खणखणीत बाई. मी डाळीचं बोलले तशी म्हणाल्या, "बघ की, न्हाई कोन म्हनतं? पन आमच्या हिरीचं पानी लई गोड हाय. डाळ अशी लोण्यावानी शिजती. चूल पेटलेलीच हाय, ठिव भगुनं."

मी विहिरीचं पाणी घेतलं, आधण ठेवलं, डाळ वैरली, चिमूटभर हळद आणि तेलाचा थेंब टाकला. पाणी खळखळ उकळत होतं. डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला. पळीवर दाणा घेऊन बघितला तर जसाच्या तसा, कच्चा.

"डाळ जुनी असंल तुमची," कोंडाबाई जरा चिडून म्हणाल्या आणि स्वतःच्या डब्यातली ओंजळभर डाळ घेऊन आल्या. नवीन पाणी, पुन्हा आधण. पुन्हा तेच. तेव्हा कुमुद हसत पुढे आली. "सरक, तुझ्या हाताला चवच नाही," म्हणाली. तिने तेच भगुनं घासलं, त्याच विहिरीचं पाणी भरलं, माझ्या पदरातली उरलेली डाळ त्यात टाकली. थोड्याच वेळात गरगट शिजली! कोंडाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांच्या विहिरीची बदनामी करायला आले होते. वसंतराव म्हणाले, "वहिनी, तुमची डाळ काही इथे शिजायची नाही!" सगळे हसले. मीही हसले.

इथपर्यंत ठीक होतं. चुलीत जाळ कमी-जास्त झाला असेल, अशी मी समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी फक्त कुमुदला आणि मुलींना घेऊन परत गेले. नवी डाळ नेली. सरपण स्वतः बघून घातलं. पाण्याला उकळी फुटली होती, वाफेने तोंडाला घाम आला होता. बऱ्याच वेळाने मी पळीभर डाळ बाहेर काढली आणि फुंकर मारून एक दाणा दोन बोटांत धरला, चेपून बघायला.

दाणा थंड होता.

कोमट नाही, थंड! हिवाळ्यात पहाटे कोठीत हात घालावा तसा थंड. मी चपापले. बोटंच बधिर झालीत की काय म्हणून भगुन्याच्या कडेला हात लावून बघितला, तर चटका बसला. त्याचा फोड पुढे कितीतरी दिवस होता. पुन्हा पळीत हात घातला. दुसरा दाणा, तोही थंड. मी काही न बोलता पळी कुमुदपुढे केली. तिने त्याच पळीतला दाणा उचलला आणि "अगं आई गं!" म्हणून टाकून दिला. बोट तोंडात घालून माझ्यावर ओरडली, "भाजलं ना! सांगायचं तरी!"

"कुमुद, मला थंड लागतोय."

"काय?"

"थंड लागतोय गं. हे बघ." मी मूठभर डाळ त्या उकळत्या पाण्यातून पळीने काढून तळहातावर घेतली. कुमुद बघत राहिली. कोंडाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्या तळहाताला काहीसुद्धा झालं नाही.

मी भित्री नाही. पण तेव्हा मला शोभाला उचलून तिथून निघावंसं वाटलं, आणि मी निघाले.

त्याच आठवड्यात ह्यांना चिंचवड गावात एक खोली कळली. एकच खोली, काळोखी, आणि तिथल्या शेजारणींनीच आधी सांगून ठेवलं की पाणी जड आहे, डाळीची आशा सोडा. मी चूल पेटवली आणि बघता बघता डाळ शिजली. शेजारणी चकित झाल्या. दाणा गरम होता. मला रडू आलं, ते कशाने हे त्यांना कळलं नसेल.

ह्यांनी जास्त वाद घातला नाही. "तुला तिथे बरं वाटत नसेल तर नको," एवढंच म्हणाले. पण कुमुदला मी काय सांगणार होते? तिच्यासाठी चिंचवडला जागा नव्हती. मी तिला म्हटलं, "तूही थांब, आणखी बघू या. दोघींसाठी मिळेल कुठेतरी."

"किती दिवस? त्या जाऊबाईंची भांडी ऐकत?" ती म्हणाली. "मला तर तिथे काही झालं नाही. पाणी गोड आहे, माझी डाळ शिजते. मंगल खूश आहे."

"तू स्वतः बघितलंस ना माझ्या हातावर..."

"बघितलं. नाही म्हणत नाही." मग ती म्हणाली, "पण मी यांना काय सांगू? हिला डाळ थंड लागली म्हणून आपण घर सोडायचं? सरू, तुला माझ्याशेजारी राहायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंस."

हे मला लागलं. अजून लागतं. मी तिला जे जे घडलं ते सगळं सांगितलं होतं, त्याहून जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगू? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. दुसऱ्याच्या बोटाला काय लागतं त्यावर कुणी घर ठरवतं का?

ते कासारवाडीला गेले, आम्ही चिंचवडला. माझ्यासाठी धरलेल्या खोलीत कोकणातलं एक कुटुंब आलं. कुमुदचा राग निवळला, रविवारी येणंजाणं सुरू झालं. मी गेले की ती मुद्दाम वरण वाढायची आणि म्हणायची, "खा, माझ्या विहिरीचं आहे." मी खायचे. गरम असायचं, चवीलाही छान. वर्षभर कुणाला शिंकसुद्धा आली नाही, आणि मी स्वतःला वेड्यात काढायला लागले होते.

पुढच्या श्रावणात पावसाने आठवडाभर उसंत दिली नाही. ओढ्याचं पाणी शेतातून विहिरीत शिरलं. त्या ओळीतल्या तीन घरांत मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. मोठी माणसं उठली. मंगल उठली नाही.

शेवटचे दिवस मी तिथेच होते. शोभाला शेजारणीकडे ठेवून मी कुमुदजवळ बसून राहिले, मंगलच्या कपाळावर पट्ट्या बदलत. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं असायचं. ती मला सारखी विचारायची, "शोभी कुठाय?" मी म्हणायचे, येईल हं, तू बरी झालीस की येईल.

मंगलचे दिवस झाल्यावर कोंडाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला हिरीनं सांगितलं व्हतं, पोरी. तुझं लेकरू राखलं तिनं."

मला इतका संताप आला! "मग हिला का नाही सांगितलं, मावशी? ही काय परकी होती?" म्हातारी डोळे पुसत घरात गेली.

कुमुदने मला एकदाच विचारलं. तिचं कुटुंब हैदराबादला परत निघालं होतं, सामान बांधून झालं होतं, आम्ही दोघी रिकाम्या खोलीत बसलो होतो. तिच्या आवाजात राग नव्हता.

"सरू, खरं सांग. तो दाणा खरंच थंड होता?"

"होता."

"मग मला का गरम लागला?"

मी तिचा हात हातात घेऊन बसले. खोटं तिच्याशी बोलवत नव्हतं. टांगा आला तेव्हा ती उठली, शोभाला जवळ घेतलं, बराच वेळ घेऊन राहिली, आणि गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

वडील एकदा चिंचवडला आले तेव्हा त्यांना मी सगळं सांगितलं. क्षार, जाळ, हाताची कातडी, सगळ्याचा त्यांनी बारकाईने विचार केला. तापाचे जंतू विहिरीत आले ते वर्षभराने, पुराच्या पाण्याबरोबर. मी डाळ शिजवली तेव्हा ते तिथे नव्हते. शेवटी म्हणाले, "क्षारांनी डाळ कच्ची राहील. थंड राहणार नाही." त्यापुढे आयुष्यभर आम्हा दोघांनाही जाता आलं नाही. कुणा वाचकाला जाता आलं तर जरूर कळवा. मला शास्त्रातलं उत्तर ऐकायला फार आवडेल.

शोभा आता नातवंडांची आजी आहे. ही हकिगत ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे म्हणाले, कुलदेवतेने राखलं तुम्हाला, तिच्यापुढे एक नारळ तरी फोडा. मी फोडलेला नाही. त्या दिवशी ज्या कुणी मला इशारा दिला त्याला कुमुद दिसतच होती... ती माझ्या मांडीला मांडी लावून त्याच चुलीपुढे बसली होती, आणि मंगल तिच्या पाठीवर लोंबकळत होती. आभार मानायचे म्हणजे हे विसरावं लागेल. तेवढं मला जमत नाही.